सुमनला पत्र : मालवणात कुठे जेवायचं, कुठून काय घ्यायचं

मालवण,
12 मे

प्रिय सुमन,

तुझा निरोप मिळाला आणि लेकीने फोनवरून काढून दिलेली यादीही मिळाली. अकरा हॉटेलं आणि सहा दुकानं! यातल्या कुठल्या जागा खऱ्या चांगल्या, त्यांवर खुणा करून पाठव म्हणालीस. दोन दिवस यादी समोर ठेवून बसले होते, पण खुणा काही केल्या नाहीत. फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहायलाच घेतलं.

तुला गाव सोडून सत्तावीस वर्षं झाली. तू गेलीस त्याच सुमाराला, 1997 साली, आपला सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. तेव्हा बाहेर जेवायची ठिकाणं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. आता तारकर्लीपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाट्याच पाट्या आहेत आणि प्रत्येक पाटीवर ‘अस्सल मालवणी’. यातलं पारखायचं कसं, तर मी एकच गोष्ट बघते. ज्या दारात माणूस तोंडावर ‘आज नाय’ म्हणतो, तिथे मी जेवते आणि तिथूनच सामान घेते. जिथे सगळं, सगळे दिवस, हवं तेवढं मिळतं, तिथून परत फिरते.

आपल्या गावातल्याच मेढा भागात एक खानावळ आहे. तुझ्या यादीत ती नाही. घराच्या पुढच्या पडवीतच चार बाकडी टाकली आहेत, पंचवीस माणसं बसली की जागा संपली. आधी सासू रांधायची, आता सून रांधते. सकाळी ती स्वतः बंदरावर लिलावाला जाते आणि पदरात जे पडेल त्यावर त्या दिवसाचं जेवण ठरतं. छापील कार्ड नाही. दाराशी काळी पाटी आहे, तिच्यावर खडूने चार-पाच नावं लिहिलेली असतात. बारा वाजता गेलीस तर सगळी दिसतील. दीड वाजेपर्यंत दोन-तीन पुसलेली असतात.

मार्चमध्ये मी तिथे बसले होते, तेव्हा कोल्हापूरकडची चौघं आली. त्यांना पापलेटच हवं होतं. ही म्हणाली, “पापलेट नाय आज. मुडदुशे हत, ते खावन बघा.” मुडदुशे हे नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. दोघं उठून चालायला लागले, पण बरोबरच्या बायका बसल्या म्हणून तेही बसले. ताटं येईपर्यंत तोंडं पडलेली होती. जेवण झाल्यावर त्यातल्याच एकाने आत डोकावून विचारलं, रात्री किती वाजता उघडता? दुसरी कुणी असती तर कालचं बर्फातलं पापलेट काढून पुढे केलं असतं आणि त्या माणसांना कळलंही नसतं. तिने तसं केलं नाही, याचं मला फार अप्रूप आहे. चार ताटांचा धंदा सोडणं तिला सहज परवडत नाही, हे मला जवळून माहीत आहे.

तिच्या हातचं बांगड्याचं तिखलं तुम्ही खायचंच. ओलं खोबरं, बेडगी मिरची, धणे आणि हळद यांचं जाडसर वाटण, आंबटाला सोलं आणि वरून ठेचलेली तिरफळं. लसूण नाही. तिरफळ आलं की लसणाने मध्ये यायचं नाही, असं तुझी आई सांगायची ते आठवतं? जावईबापूंना मात्र आधीच बजाव की तिरफळ चावायचं नाही, बाजूला काढायचं. नाहीतर जीभ बधिर होईल आणि पुढची सोलकढीसुद्धा लागायची नाही. नागपूरचं तिखट खाणाऱ्याला आपलं जेवण सौम्य वाटेल, म्हणून मसाला वाढवून मागू देऊ नकोस. आहे तसं दोन घास खाल्ले की ओल्या खोबऱ्याची चव त्यांची त्यांना कळेल.

सोलकढीवरूनही जागा ओळखता येते. कोकमाचं आगळ आणि नारळाचं दूध यांचा रंग फिका, जरा मळकट गुलाबी येतो आणि पेला थोडा वेळ ठेवला की दूध वर, पाणी खाली होतं. सरबतासारखी लखलखीत गुलाबी कढी पुढ्यात आली तर समजायचं, आत रंग आहे. तसाच तळलेला मासा. रव्याचा थर बोटाएवढा जाड असेल तर तो मासा झाकायलाच लावलेला असतो. ताज्या बांगड्याला रवा नुसता शिवतो, कातडी खालून दिसत राहते.

गेल्या जुलैची गोष्ट सांगते. नणंदेकडची पाहुणी माणसं आली होती. त्यांच्या हौसेखातर एका मोठ्या, दिव्यांच्या माळा लावलेल्या जागी गेलो. नाव लिहीत नाही. बाहेर पाऊस कोसळत होता, सगळ्या होड्या वर ओढून झापांनी झाकलेल्या होत्या, आणि आत ‘ताजी सुरमई’. मी वाढणाऱ्या पोराला विचारलं, ही आली कुठून? तो म्हणाला, सकाळीच आली. तुकडा तोंडात घातला तर कापूस. पोराचा मला राग आला नाही, त्याला तेच बोलायला शिकवलेलं होतं. पण पाहुणी मंडळी “वा, मालवणचा मासा” म्हणत जेवली. त्याचं इतकं वाईट वाटलं की घरी येईपर्यंत मी बोलले नाही. आपल्या गावाच्या नावावर असलं काही खपवतात, ते मला सहन होत नाही.

म्हणून तुझ्या तारखांबद्दल लिहिते. 1 जून ते 31 जुलै, 61 दिवस, यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. मासळी अंड्यावर येते तो काळ. बिनइंजिनाच्या होडीला बंदी नाही, पण त्या दिवसांत समुद्रच तिला आत घेत नाही. तू 29 मेला येतेस आणि 3 जूनला निघतेस. तेव्हा मासे पहिल्या तीन दिवसांत खाऊन घ्या. सुरमईचा हट्ट धरू नका. पेडवे, तारल्या, सौंदाळे जे येईल ते खा, नशिबात असेल तर रापणीचे, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातले, बांगडेही मिळतील. जूनचे दोन दिवस वडे-सागोती, सुक्या बांगड्याची चटणी, खाडीतल्या तिसऱ्या. आणि पहिला मोठा पाऊस तोवर झाला असेल तर चढणीचे मासे. वहाळातून पाण्याविरुद्ध चढणारे ते मासे जावईबापूंनी कधी पाहिले नसतील. ते कुठल्याच हॉटेलात मिळत नाहीत, आमच्या शेजारच्या मुलांकडून आणावे लागतात. तो दिवस माझ्याकडे जेवायचा.

आता दुकानं. मसाला तुला न्यायचाच आहे, तर पाकिटातला नेऊ नकोस. भरडापासून आत गेलं की मसाला कुटायचा आपला जुना डंक अजून चालू आहे. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या, आधी तिथे रांग लागते, बायका घरून निवडून-भाजून आणलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन बसलेल्या असतात. डंकवाल्यांचा मुलगा आता बसतो. तोही बापासारखाच डबा उघडून आधी मिरची मुठीत घेऊन दाबतो. मोडली नाही तर डबा परत करतो, “वहिनी, ऊन कमी पडलां, उद्या आणा.” गेल्या वर्षी माझाच डबा परत आला. भर उन्हात तो ओझ्यासकट घरी नेताना जीव कातावला होता. पण ओलसर मिरचीच्या मसाल्याला पावसाळ्यात बुरशी धरते, हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं. तो मसाला या मे महिन्यापर्यंत टिकला. तुझ्यासाठी मी दोन किलो मिरच्या या आठवड्यात वाळवून ठेवते. धणे, बडीशेप, दगडफूल, नागकेशर, मसाला वेलची, जायफळ, सगळं माझ्याकडे आहे. भाजायला मात्र तू बसायचंस. त्या वासाने शिंका येत, डोळे पुसत आपण तुझ्या मागीलदारी बसायचो, ते मला परत एकदा हवं आहे.

काजूबद्दल थोडक्यात. पेठेत प्रत्येक तिसरं दुकान काजूचं आहे आणि सगळ्यांवर ‘गावठी काजू’ लिहिलेलं असतं. आफ्रिकेतून येणारी काजू-बी आपल्याकडेही फोडली जाते, त्यात चोरी काही नाही, पण ती गावठी म्हणून विकणं बरं नव्हे. मी जिथून घेते तो दुकानदार दोन वेगळ्या बरण्या ठेवतो आणि न विचारता सांगतो, ही इकडची, ही बाहेरची. भावही वेगळे. मोठ्या गराच्या मागे लागू नकोस. 320 नंबर म्हणजे पौंडाला साधारण तेवढे गर, 180 नंबर म्हणजे मोठे आणि महाग. चव नंबरात नसते. सालीसकट भाजलेले घे.

खाजं मात्र पेठेतल्या दुकानातून घेऊ नकोस. म्हणजे तिथलं वाईट असतं असं नाही, पण मला ते जत्रेत बसणाऱ्या बाईकडचंच लागतं. ती जत्रा नसताना घरी करते, सांगितलं तरच. बेसनाच्या जाड शेवा तळून गूळ-आल्याच्या पाकात घोळायच्या. पाक दोन मिनिटं पुढे गेला की दगड, मागे राहिला की चिकट. दमट हवेत ती चक्क नाही म्हणते, “आज पाक धरूचो नाय.” म्हणून तुझ्यासाठी 28 तारखेलाच सांगून ठेवलंय. पाऊस आधी आला तर खडखड्या लाडवांवर भागवावं लागेल.

सकाळी सहाला उठायची तयारी असेल तर भावोजींना घेऊन बेकरीवर जा. भट्टी अजून लाकडाची आहे. कडक पाव गरम असतानाच, समोरच्या टपरीवरच्या चहात बुडवून, उभ्यानेच खायचा. साडेसातनंतर काही उरत नाही आणि ते दुसरी भट्टी लावत नाहीत.

शाळेजवळचं वह्या-पुस्तकांचं दुकान तुला बघायचं असेल. आहे अजून. तुला आठवतं, आपण दोघींनी एक शाईचं पेन अर्धे-अर्धे पैसे घालून घेतलं होतं? ते काउंटर तेच आहे. मालक आता थकलेत. पुस्तकं थोडी, बाकी सगळं शालेय सामान. पण तुम्ही पुस्तकाचं नाव सांगितलं की ते वहीत लिहितात, “नाय, पण मागवतंय,” म्हणतात, आणि पंधरा दिवसांनी ते आलेलं असतं. माझी नात आठवीत आहे, तिने गेल्या वर्षात नऊ पुस्तकं अशी मागवली. घरबसल्या दोन दिवसांत येतात हे तिलाही ठाऊक आहे. पण आजोबा वहीत तिचं नाव लिहितात, ते तिला आवडतं. मलाही आवडतं.

एक वाईट बातमी सांगायची राहिली, किती वेळ टाळत होते. बंदराजवळचं आपलं भजी-चहाचं हॉटेल बंद झालं. तुझ्या यादीत ते नव्हतं, पण तू आल्यावर पहिली तिथेच जाशील म्हणून आधी सांगते. मुलं मुंबईला, भाडं वाढलेलं, म्हाताऱ्याला उभं राहवेना. आता तिथे पाण्यातल्या खेळांची तिकिटं मिळतात. शेवटच्या दिवशी त्यांनी कुणाकडून पैसे घेतले नाहीत. मी दोन प्लेट कांदाभजी घेतली, एक तुझ्या नावाची. समोर किल्ला, भरतीचं पाणी, आणि ती दुसरी प्लेट मी तशीच कागदात बांधून घरी आणली. तिथे त्या रस्त्याने जाताना अजून मी पलीकडच्या बाजूने जाते.

सावंतवाडीला एक दिवस काढा. नातवंडांसाठी चितारआळीतली लाकडी खेळणी, भातुकली, रंगीत फळं घेता येतील. राजवाड्यात गंजिफा रंगवणारे बसतात तेही त्यांना दाखव. दशावतारी गंजिफाचे 120 गोल पत्ते, प्रत्येकावर हाताने काम. शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसल्यांनी ही कला धरून ठेवली नसती तर आज ती फक्त काचेच्या कपाटात असती. संच महाग आहे. तो परवडला नाही तर एखादा सुटा रंगवलेला पत्ता मिळतो का विचार. भाव करू नकोस.

आता तुमच्या गाडीची वेळ कळव, कुडाळला रिक्षा सांगून ठेवते. पहिल्या दिवशी जेवायला बाहेर नाही, घरीच. काय असेल ते आत्ता सांगत नाही, त्या सकाळी बंदरावर काय येतं ते बघून ठरेल.

तुझी,
वंदना

ता. क. खाज्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आण, आणि मसाल्यासाठी काचेची बरणी. प्लास्टिकची नको.