‘किंवा’ वाचायचे राहून गेले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पहिल्या बाळंतपणाला केंद्राच्या मातृवंदना योजनेतून सरकार पाच हजार देते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कोणाला देते, हे विचारले की जितकी तोंडे तितकी उत्तरे. बातम्यांतही (आपली क्षमा मागून लिहितो) आकडा ठळक आणि अटी ‘पात्र महिलांना’ एवढ्या दोन शब्दांत.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात, सौ.चे माहेर शिरपूर तालुक्यात. मधे तापी, म्हणजे जिल्हाच बदलला. पहिले बाळंतपण माहेरी, या रीतीप्रमाणे सातव्या महिन्यात ती गेली. तोवर मातृवंदना योजनेचा फॉर्म भरलाच नव्हता. पारावर ठरून गेले होते की हे पिवळ्या रेशनकार्डवाल्यांचे काम. आमचे कार्ड केशरी. विषय मिटला.

मुलगी झाली. पहिल्या लसीच्या दिवशी तिथल्या आशाताईंनी रेशनकार्ड उलटून पाहिले. ‘प्राधान्य कुटुंब’ असा शिक्का होता. “दादा, याच्यावर झालं असतं की!” म्हणाल्या.

मग मी झेरॉक्सच्या दुकानात. तिथल्या भाऊने यादीच दिली: रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, असंघटित कामगारांचे ई-श्रम कार्ड, उत्पन्नाचा दाखला. शिवाय बायकोच्या आधारवर माहेरचे नाव आहे, ते आधी बदलून आणा. ऐन कापूस वेचणीत माझे चार दिवस त्यात गेले. रात्री मोबाइलवर योजनेच्या अटी स्वतः वाचल्या, तेव्हा कळले की यादी खरी होती, पण ओळींच्या मधे ‘आणि’ नव्हते, ‘किंवा’ होते. प्राधान्य किंवा अंत्योदय रेशनकार्ड, किंवा बीपीएल (दारिद्र्यरेषेखालचे) कार्ड, किंवा मनरेगाचे जॉबकार्ड, किंवा ई-श्रम, किंवा आयुष्मान कार्ड, किंवा किसान सन्मान निधीत बाईचे स्वतःचे नाव, किंवा अनुसूचित जाती-जमातीचा दाखला, किंवा चाळीस टक्के वा त्याहून जास्त अपंगत्व. यातले काहीच नसेल, तर कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला आठ लाखांच्या आत असल्याचा दाखला. एक कागद पुरे! आमच्या गावात या चाळणीतून गळणारी घरे बोटावर मोजावी लागतील. सरकारी नोकरीतल्या बाईला आणि जिला कायद्याने पगारी बाळंतरजा मिळते तिला लाभ नाही, ते रास्तच आहे. नावाचे म्हणाल तर आधारवर असेल तेच फॉर्मवर लिहायचे. ते बदलायची गरज नव्हती.

पहिल्या अपत्याला तीन हजार आणि दोन हजार असे दोन हप्ते. पहिला गरोदरपणाची नोंद आणि तपासणी झाल्यावर, दुसरा जन्मनोंद आणि चौदा आठवड्यांपर्यंतच्या लसी झाल्यावर. मुदत शेवटच्या पाळीपासून ५७० दिवस, म्हणून आम्ही वाचलो.

फॉर्म भरला, मंजूरही झाला. तरी रोज सासूबाईंचा फोन, “पैसा उनाच नही (आलाच नाही).” पासबुक कोरे. शेवटी बँकेत कळले की पैसे पासबुकाची झेरॉक्स पाहून येत नाहीत, आधार शेवटी ज्या खात्याला जोडलेला असेल तिथे जातात. सौ.ने लग्नाआधी कधीतरी सिमकार्ड घेताना मशीनवर अंगठा दिला होता, तेव्हा तिच्या नावाने एक खाते उघडले गेले होते. तीन हजार तिथे जाऊन बसले होते. खात्याचे तिला माहीत नव्हते, मला तर नव्हतेच.

राज्याची ‘लेक लाडकी’ वेगळी, पण लोक दोन्हींची खिचडी करतात. तिला पिवळे किंवा केशरी कार्ड लागते, उत्पन्नाची मर्यादा एक लाख, आणि मुलगी १ एप्रिल २०२३ ची किंवा नंतरची हवी. जन्माला पाच हजार, मग टप्प्याटप्प्याने, अठरा पूर्ण झाल्यावर पंचाहत्तर हजार. इथल्या एक लाखामुळे मातृवंदनेचे आठ लाख कोणाला खरेच वाटत नाहीत.

माझी मागणी फार नाही. अंगणवाडीच्या भिंतीवर गाजर-पालकाची चित्रे आहेत, त्यांच्या शेजारी ही ‘किंवा’ची यादी मोठ्या अक्षरांत रंगवा. पहिल्या तपासणीलाच आधार कुठल्या खात्याला जोडला आहे ते पाहा. फॉर्म कोणी भरायचा यावरून माहेर-सासरच्या आशाताईंनी एकमेकींकडे बोट दाखवू नये. नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडून ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या बायांचे काय होत असेल, हे तर मी विचारतही नाही.

माझ्या मेहुणीला दुसरी मुलगी झाली आहे. दुसऱ्या वेळी मुलगी असेल तर सहा हजार, एकाच हप्त्यात, पण मुदत जन्मापासून २७० दिवसांची. तिचा शंभरावा दिवस परवा झाला. यादी मी वहीच्या पानावर लिहून पाठवली आहे, ‘किंवा’ लाल शाईने.

आपला,
एक वाचक
ता. अमळनेर, जि. जळगाव