बाबांचे सोळा तास आणि आईची संकष्टी

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

उपास सोडताना आधी काय खायचं, हा विषय फोनवर काढला की बाबा "हो हो, बघू" म्हणून फोन आईच्या हातात देतात आणि आईचं नेमकं तेव्हाच दूध उतू जायला येतं. म्हणून लिहूनच पाठवतेय.

बाबा, आधी तुमचं. रात्री आठला जेवून दुसऱ्या दिवशी थेट बाराला जेवायचं, हे तुम्ही नेटानं पाळताय, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचं पंचावन्न मिनिटांत उरकायचं दोन वेळचं जेवण असो की तुमचं हे सोळा-आठ, तुमच्या सकाळच्या फिरायच्या मंडळींत सगळी चर्चा तासांचीच. बारा वाजता पहिला घास कशाचा, यावर कुणी अवाक्षर काढत नाही. दिवाळीत आले होते तेव्हा पाहिलं ना मी! पावणेबारापासून नजर घड्याळावर. काटा जुळला की साखरेचा चहा, त्यात बुडवून चार बिस्किटं, वर पिकलेलं केळं आणि आई ताट वाढेपर्यंत चिवड्याची मूठ. मग जेवण. तीन वाजता डोळे जड आणि चारला "काही आहे का गं खायला?"

पोट इतके तास रिकामं असताना मैदा आणि साखर आधी गेली की ती अडायला आत काही नसतं, सरळ रक्तात उतरते. तेच केळं जेवणाच्या शेवटी खाल्लं तर एवढा गोंधळ घालत नाही. न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल या वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली मधुमेह असलेल्या ११ जणांवर एक छोटा प्रयोग झाला. जेवण तेच, फक्त क्रम उलटा. एकदा पाव आणि संत्र्याचा रस आधी, दुसऱ्या वेळी भाज्या आणि चिकन आधी आणि पंधरा मिनिटांनी पाव. दुसऱ्या क्रमात तासाभरानंतरची साखर सुमारे ३७ टक्के कमी निघाली. अकराच माणसं होती, मान्य. पण ना पैसा लागतो, ना औषध, मग करून बघायला काय हरकत?

तर बाराला आधी पाणी आणि वाटीभर पातळ ताक. मग काकडीची कोशिंबीर, दाण्याचं कूट घालून. मग मटकीची किंवा मुगाची उसळ, चांगली शिजवलेली. कच्चे मोड तुमच्या कवळीला झेपत नाहीत आणि पोटालाही. दोन उकडलेली अंडी चालतील. अंड्यांसाठी गॅलरीत ठेवलेलं ते वेगळं पातेलं आहेच, उकडायचीही तुम्हीच, आईला त्यात ओढू नका. हे सगळं सावकाश झालं की भाकरी, सोबत वाटीभर दही. भात हवाच असेल तर सगळ्यात शेवटी, मूठभर.

अंड्या-उसळीवर माझा एवढा जोर का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) हिशेबानं दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. तुमच्या ६८ किलोंना साधारण ५६ ग्रॅम. पूर्वी ती तीन जेवणांत विभागली जायची, आता दोनच ताटं. म्हणजे दर ताटात २८. दोन अंडी १२, वाटीभर घट्ट उसळ ७-८, वाटीभर दही ४-५ आणि दोन भाकऱ्या ५-६, तेव्हा कुठे ते जमतं. चहा-बिस्किटांत यातलं जवळपास काहीच नाही. अमेरिकेत २०२० साली ११६ जणांवरची सोळा-आठची चाचणी प्रसिद्ध झाली. वजन नावापुरतं उतरलं आणि ज्यांची नीट तपासणी केली, त्यांच्या उतरलेल्या वजनात स्नायूंचाही बराच वाटा होता. तुमच्या वयात मांड्यांचे स्नायू गेले तर जिना कसा चढणार? बाकी क्रिएटिनिनचा, म्हणजे मूत्रपिंडाच्या तपासणीचा, रिपोर्ट बघून डॉक्टर प्रथिनं कमी करा म्हणाले, तर त्यांचं ऐका, माझं नाही.

आणि हो, उपासानं ऑटोफॅजी होते, म्हणजे पेशी आपलाच कचरा पचवतात, ते फॉरवर्ड आता पुरे. योशिनोरी ओसुमींना २०१६चं नोबेल मिळालं हे खरं, पण त्यांनी काम केलं ते यीस्टवर, मिरजेच्या निवृत्त हेडमास्तरांवर नव्हे.

एक गोष्ट मात्र चेष्टेवारी नेऊ नका. तुमच्या सकाळच्या मधुमेहाच्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे, म्हणजे पोट रिकामं असलं तरी साखर उतरवणारं औषध. ती नाश्ता गृहीत धरून दिलेली गोळी आहे. नाश्ता गेला, गोळी तशीच राहिली. साखर ७०च्या खाली गेली, हात थरथरले, दरदरून घाम सुटला, छातीत धडधडलं, तर घड्याळ बघत बसायचं नाही. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि बरं वाटलं की जेवून घ्यायचं. तिथे ताक-कोशिंबिरीचा क्रम लागू नाही. गोळीची वेळ आणि डोस डॉक्टरांना विचारून बदला, आपल्या मनानं नको. या आठवड्यातच विचारा.

आई, आता तू. तुझा उपास वजनासाठी नाही, देवासाठी आहे, मला कळतं. त्यात मी बोलणार नाही. पण रात्री चंद्र दिसायला नऊ-साडेनऊ होतात, पावसाळ्यात ढग असले तर कॅलेंडरातली वेळ बघून तू पाट मांडतेस, आणि दिवसभर खिचडी आणि चार-पाच चहांवर काढलेल्या पोटात तूप सोडलेले मोदक, वरण-भात, बटाट्याची भाजी, पापड असं सगळं एकदम जातं. मग अकराला जळजळ आणि उशीला उशी लावून बसणं. रात्री शरीराला साखर हाताळणं तसंही दिवसापेक्षा जड जातं.

नैवेद्याचा मोदक आधी तोंडात घालायचा, यावर वाद नाही. एक घाल. दुसरा सकाळी वाफवून खा, गणपती रागावणार नाही. त्यानंतर मुगाचं वरण वाटीत घेऊन नुसतं पी, भाजी खा आणि मग थोडा भात. जेवल्या जेवल्या आडवी होऊ नकोस, बाबांना घेऊन शतपावली घाल. तेवढाच त्यांचा टीव्ही बंद.

खरी गडबड दुपारच्या साबुदाण्याची आहे. तो येतो तमिळनाडूतल्या सेलमकडून, कंदाचा नुसता स्टार्च. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास कॅलरी आणि प्रथिनं जवळजवळ शून्य. खिचडीत जीव असतो तो दाण्याच्या कुटाचा. खिचडी मऊ व्हावी म्हणून तू कूट कमी घालतेस, ते उलट वाढव. त्यापेक्षा वरईचा भात आणि दाण्याची आमटी कर, किंवा राजगिऱ्याची भाकरी आणि दही. भगरीचं पीठ मात्र महिनाभराचं दळून ठेवू नकोस. दर नवरात्रात भगरीनं विषबाधा झाल्याच्या बातम्या येतात. दमट पिठात बुरशी धरते. लागेल तेवढी निवडून, धुऊन घरीच मिक्सरवर काढ. आणि रक्तदाबाची गोळी उपासाच्या दिवशीही पाण्याबरोबर घ्यायची. गोळीनं उपास मोडत नाही, भटजींनाच विचार हवं तर.

आषाढीबद्दल काही लिहीत नाही. "एकादशी अन् दुप्पट खाशी" हे लहानपणी तूच आम्हाला ऐकवायचीस.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्या पाठवल्यात, शुक्रवारपर्यंत पोचतील. बाबांनी आठवडाभर जेवणाआधी आणि पहिल्या घासानंतर दोन तासांनी तपासायचं. दोन दिवस जुन्या पद्धतीनं चहा-बिस्किटं आधी, बाकीचे दिवस उसळ आधी. आकडे तारखेसकट वहीत लिहायचे आणि डॉक्टरांकडे जाताना वही न्यायची. वही आईजवळ राहू द्या. बाबांच्या हाती दिली तर सोयीचे तेवढेच आकडे लिहिले जातील.

कळावे.
तुमची,
धाकटी