बूथची काडेपेटी राहिलीच!
रविवारच्या पुरवणीतला विल्यम बूथवरचा लेख वाचला, चांगलाय, पण मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचा प्रचारक, मग १८७८ ला त्याच्या सेवासंस्थेला साल्व्हेशन आर्मी म्हणजे मुक्तिफौज हे नाव, मग गरिबांना सूप, एवढ्यावरच उरकलाय. त्याची काडेपेट्यांची फॅक्टरी कुठे गेली? लंडनमधे तेव्हा काड्या बनवणाऱ्या बायकांचे जबडे पांढऱ्या फॉस्फरसनं अक्षरशः सडायचे, म्हणून बूथनं १८९१ मधे तिथल्याच ओल्ड फोर्ड भागात स्वतःचा कारखाना काढला, त्याऐवजी निर्धोक तांबडा फॉस्फरस वापरला आणि मजुरीही जास्त दिली. पेटी महाग पडायची, पुढे कारखाना बंद झाला ते वेगळं. पण तेराव्या वर्षी गहाणवटीच्या दुकानात कामाला लागलेल्या माणसाला नुसत्या अन्नदानानं भागत नाही हे कळलं होतं, आणि लेखात नेमकं तेच नाही. आमच्या नगरचं बूथ हॉस्पिटल या मुक्तिफौजेचंच, त्याचीही एखादी ओळ चालली असती.
– एक वाचक, अहिल्यानगर