वाळलेला दिसणारा साग लगेच तोडू नका

मा. संपादक,
जंगलातली वाळलेली झाडं पावसाळ्याआधीच तोडून टाका, असं एक पत्र परवाच्या अंकात वाचलं, ते अजिबात पटलं नाही. आमच्या यवतमाळकडं साग उन्हाळाभर बिनपानाचाच उभा असतो, पानं गाळून तो पाणी वाचवतो आणि मृगाचा पाऊस पडला की पुन्हा फुटतो. दुष्काळात झाड खरं मरतं ते बऱ्याचदा खोडातल्या पाणी चढवणाऱ्या बारीक नळ्यांमध्ये हवा शिरून, आणि हे नुसतं लांबून बघून कळत नाही, म्हणून तर संशोधक पहाटेच्या अंधारात पानांतला पाण्याचा ताण मोजतात, तीच झाडं वर्षानुवर्षं तपासतात. कॅलिफोर्नियात २०१२ ते २०१६ च्या दुष्काळात १० कोटींवर झाडं मेली, त्याची मोजणी तरी झाली. आपल्याकडं निदान खुणा करून एक पावसाळा थांबा, साल खरवडून आत हिरवं आहे का बघा.
– एक शेतकरी वाचक, जि. यवतमाळ