माळ्यावरून पत्र

हॉकिंग काउंटी, ओहायो
रविवार, 27 ऑक्टोबर 2024, रात्र

तीर्थरूप आबा आणि आई यांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र दादाच्या मोबाईलवर पाठवतोय, तो वाचून दाखवेल. तिकडे आता वसुबारसेची सकाळ उजाडली असेल. आई गोठ्यात गाय-वासराला ओवाळायच्या तयारीत असेल. अशा दिवशी ही बातमी देऊ की दिवाळी होऊ देऊ, याचा मी बराच विचार केला. पण दुसऱ्या कुणाच्या फोटोतून तुम्हाला कळण्यापेक्षा मीच सांगावं हे बरं. काल संध्याकाळी मी हरणाची शिकार केली. बंदुकीने नाही, क्रॉसबोने. क्रॉसबो म्हणजे आडवं धनुष्य. त्याला बंदुकीसारखा दस्ता आणि चाप असतो, वर छोटी दुर्बीण असते.

आई, तू माळकरी आहेस. तुझ्या घरात मांस शिजत नाही, आबांना परसातली चूल वेगळी मांडावी लागते, हे मी विसरलेलो नाही. म्हणूनच हे काय असतं ते पहिल्यापासून सांगतो.

इथलं हरीण म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. आपल्या चितळापेक्षा रंगाने फिकट, मोठ्यांच्या अंगावर ठिपके नाहीत. बिथरलं की शेपूट निशाणासारखी उभारून पळतं. 1904 च्या सुमारास या राज्यात एकही हरीण उरलं नव्हतं. जंगल तोडून शेती झाली होती आणि शिकारीला धरबंध नव्हता. पुढे 1920-30 च्या दशकांत बाहेरून हरणं आणून सोडली, जंगल परत वाढलं, आणि 1943 साली फक्त तीन काउंट्यांमध्ये, म्हणजे जिल्ह्यांमध्ये, शिकारीचा हंगाम उघडला. आज सगळ्या 88 काउंट्यांमध्ये हरणं आहेत. लांडगे मात्र परत आले नाहीत. त्यामुळे मक्यात, सोयाबीनमध्ये हरणांचे कळप घुसतात, रात्री रस्त्यावर गाड्यांखाली येतात. आबा, राधानगरीचे गवे आपल्या उसात उतरतात तेव्हा तुम्हाला काय वाटतं, ते इथल्या शेतकऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

ज्यांच्या रानात मी बसतो ते शेतमालक आजोबा सत्तरी ओलांडलेले आहेत. दोन उन्हाळे मी त्यांचं कुंपण दुरुस्त करायला जात होतो. लेखी परवानगी असल्याशिवाय इथे दुसऱ्याच्या रानात शिकारीसाठी पाऊल टाकता येत नाही. त्यांनी ती सही करून दिली तेव्हा एकच अट घातली, की खात्री नसेल तर बाण सोडायचा नाही. परवान्याआधी शिकाऱ्यांचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, तेही मी केलं. मग संपूर्ण उन्हाळा अंगणात फोमच्या ठोकळ्यावर बाण मारले. वीस यार्ड, पंचवीस, तीस. तिसाच्या पुढे मी माझ्यावर विश्वास ठेवला नाही.

या धनुष्याची दोरी ओढायला 185 पौंडांचा जोर लागतो. पाय धनुष्याच्या पुढच्या रिकिबीत अडकवून, दोन्ही हातांनी दोरखंडाच्या हुकाने ती चापापर्यंत आणायची. नंतर बोटं खोबणीच्या वर येऊ द्यायची नाहीत, नाहीतर दोरी अंगठा घेऊन जाते. बाण नसताना चाप दाबायचा नाही, धनुष्याचे पंखच फुटतात. बाण जेमतेम वीस इंचांचा, टोकाला वस्तऱ्यासारखी पाती. तो धक्क्याने मारत नाही, रक्तस्रावाने मारतो. म्हणून तो नेमका फुप्फुसांतूनच गेला पाहिजे. तसा गेला तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. चुकला तर ते रात्रभर तडफडत हिंडतं. मला झोप लागू दिली नाही ती या दुसऱ्या शक्यतेने.

आबा, झाडावरच्या मचाणावर पहिल्यांदा चढलो तेव्हा मला आपला राखणीचा माळा आठवला. भात पोटरीला आलं की तुम्ही मला घोंगडीत गुंडाळून वर घेऊन बसायचा. डुकरं आली की पत्र्याचा डबा बडवायचा आणि हाकारे द्यायचे, बाकी वेळ गप्प. "रान ऐकायला शीक," म्हणायचा. इथे फरक एवढाच, की अंगाला पट्ट्यांचा साज असतो आणि तो झाडाला बांधलेला असतो, कारण शिकारीतले बरेचसे अपघात मचाणावरून पडूनच होतात. धनुष्य बरोबर घेऊन चढायचं नाही. वर बसल्यावर ते दोरीने, बाण न लावता, ओढून घ्यायचं.

काल दुपारी तीनला बसलो. हिकरीची झाडं पिवळी झाली आहेत, मेपलची तांबडी. पांढऱ्या ओकची फळं टपटप पडत होती. ती कमी कडू असतात, म्हणून हरणं इतर ओक सोडून याच झाडाखाली येतात. ऊन उतरलं की टेकडीवरची गार हवा घळीत वाहू लागते, म्हणून मी ओकच्या खालच्या अंगाला झाड निवडलं होतं. हरणाचं नाक फार तीव्र. वारा त्याच्याकडे गेला की सगळं संपलं. वाळल्या पाचोळ्यात खार धावली तरी हरीण आल्यासारखा आवाज होतो. अडीच तास मी खारींनीच दचकत होतो.

साडेपाचला एक मादी आली, मागे दोन पाडसं. ठिपके गेलेली, दूध तुटलेली, आईवाचून जगू शकतील अशी. कायद्याने तिला मारता आलं असतं. पण वसुबारस दोन दिवसांवर होती, आई, आणि माझा हात दस्त्याकडे गेलाच नाही. ती तिघं दहा मिनिटं फळं खाऊन निघून गेली.

सहा वाजून दहा मिनिटांनी नर आला. शिंगांना सहा टोकं, मान थोडी फुगलेली. तो समोरून येत होता, आणि समोरून बाण मारायचा नाही हे मी स्वतःला शंभरदा बजावलं होतं. माझं काळीज कानात वाजत होतं. त्याने मान खाली घातली, एक फळ चावलं, मग आडवा झाला. पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकला. खांद्यामागची जागा उघडी पडली. मी श्वास सोडला आणि चाप दाबला.

त्याने मागचे पाय झाडले आणि शेपूट खाली दाबून पळाला. मग पाचोळ्याचा एक मोठा आवाज झाला, आणि शांतता. तरी अर्धा तास उतरायचं नसतं. जनावर बसलं असेल तर माणसाच्या चाहुलीने परत उठून लांब जातं. तो अर्धा तास संपता संपत नव्हता. उतरल्यावर बावीस यार्डांवर बाण मातीत रुतलेला सापडला. त्यावरचं रक्त गुलाबी, फेसाळ. म्हणजे फुप्फुसं. काळपट असतं तर थांबावं लागलं असतं, हिरवट घाण असती तर सकाळपर्यंत. टॉर्चच्या उजेडात पानापानावरचे थेंब पाहत ऐंशी पावलं गेलो. ओढ्याच्या काठाला तो पडला होता. मानेवर हात ठेवला तर अंग अजून ऊबदार होतं. मी हात जोडले. रडूही आलं, ते लपवत नाही.

दादा, पुढचं थोडं आईला वाचून दाखवू नकोस. आधी जागेवरच तारीख, वेळ लिहून चिठ्ठी बांधली. मग तिथेच पोट उकललं. जठर ओकच्या फळांच्या चोथ्याने गच्च भरलेलं होतं. आजोबा ट्रॅक्टर घेऊन आले, दोघांनी मिळून त्याला कोठारातल्या तुळईला टांगलं. रात्र गार होती म्हणून मांसाला काही होणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या आत सरकारकडे नोंद करावी लागते, ती रात्रीच फोनवरून केली.

आज दिवसभर सुरी चालवत होतो. हाडं सोडून पंचवीसेक किलो मांस निघालं. हरणाची चरबी मेणासारखी टाळूला चिकटते, म्हणून ती सगळी तासून टाकावी लागते. आबा, जत्रेच्या बोकडाचे वाटे तुम्ही फडक्यावर मांडायचा ना, तसेच मी कोठारात मांडले. रान ज्याचं त्याचा पहिला वाटा, हे तुमचंच. आजोबांना पाठीची लांब पट्टी दिली, ते मऊ मांस. शेजारची विधवा बाई, माझे दोन सहकारी, एक वाटा इथल्या अन्नदान केंद्राला. माझ्या वाट्यातलं थोडं रात्री कांदा-खोबऱ्याच्या वाटणात शिजवलं, तुम्ही पाठवलेला कांदा-लसूण मसाला घालून. बकऱ्यापेक्षा कोरडं, पण चव रानाची.

आपल्याकडे 1972 च्या कायद्याने शिकार बंद झाली ते योग्यच झालं. पणजोबांची ठासणीची बंदूक खुंटीला राहिली याचं मला दुःख नाही.

आई, वाईट वाटलं असेल तर फोनवर स्पष्ट सांग, मी ऐकून घेईन. आबा, माळ्याचे खांब यंदा बदलायचे होते, बदलले का? भात पोटरीतून निसवलं असेल आता. डुकरं उतरली का खाली?

तुमचा धाकटा