उठण्याची वेळ कामातच धरा

महोदय,

डीटीपीच्या, म्हणजे छपाईची पाने संगणकावर लावण्याच्या कामात मला बावीस वर्षे होत आली. एरवी आठ-नऊ तास आणि पुस्तक छपाईला जायचे असले की बारा तास मी पडद्यासमोर बसते. तीन वर्षांपूर्वी रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येऊ लागली. अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर व्हायची, हात झटकला की उतार पडायचा. हात अंगाखाली आला असेल, असे म्हणत मी आठ महिने काढले. हातातून पेला निसटू लागला तेव्हा डॉक्टरांकडे गेले. करंगळीला काहीच होत नाही, हे ऐकूनच त्यांना अंदाज आला. मनगटात एक अरुंद बोगदा असतो. बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूंना हाडांशी जोडणारे चिवट दोर) आणि एक नस त्यातून जाते. मनगट वाकलेले राहिले की आतला दाब वाढतो आणि ती नस चेपते. करंगळीची नस दुसऱ्या वाटेने जाते, म्हणून ती सुटते. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा बांधून आणि माऊस धरण्याची पद्धत बदलून माझी शस्त्रक्रिया टळली. आठ महिने आधी गेले असते तर एवढेही सोसावे लागले नसते.

हे लिहिण्याचे कारण असे की, या दुखण्यांवर आपल्याला जो सल्ला मिळतो तो बहुतेक वेळा काहीतरी विकत घेण्याचा असतो. निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचेच पाहा. माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांनी ते घेतले. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा साध्या काचांच्या तुलनेत या काचांमुळे डोळ्यांचा थकवा कमी होत असल्याचे दिसले नाही. डोळे चुरचुरण्याचे मोठे कारण अगदी साधे आहे. पडद्याकडे एकटक पाहताना आपण पापण्या मिटायचेच विसरतो. त्यांची उघडझाप एरवीच्या निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते आणि बुबुळावरचा ओलावा सुकतो. दर २० मिनिटांनी २० फूट लांबच्या वस्तूकडे २० सेकंद पाहायचे, हा नेत्रतज्ज्ञांचा सल्ला फुकटचा आहे. मी त्यात मुद्दाम पापण्या मिटण्याची भर घातली आहे.

लॅपटॉपबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवे. त्याचा पडदा आणि कीबोर्ड एकमेकांना जोडलेले असतात. हात नीट ठेवावेत तर मान खाली जाते, पडदा वर घ्यावा तर खांदे उचलावे लागतात. माणसाचे डोके साधारण पाच किलोचे असते आणि मान जितकी पुढे झुकेल तितका मानेच्या मणक्यांवरचा भार वाढतो. लॅपटॉपखाली चार जाड पुस्तके ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणायची आणि कीबोर्ड-माऊस वेगळे जोडायचे. रोज तासन्‌तास लॅपटॉपवर काम करणाऱ्याला याला पर्याय नाही. बाकी कोपर काटकोनात, पाठ टेकलेली, पाऊल जमिनीवर, हे सगळ्यांनाच ठाऊक असते.

पण उत्तम खुर्चीत, उत्तम स्थितीत, न हलता चार तास बसणे हेही शरीराला झेपत नाही. मला मुख्य म्हणायचे आहे ते हेच. १७०० साली इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी लेखनिकांच्या दुखण्यांची तीन कारणे नोंदवली होती : सततची बैठक, हाताची तीच ती हालचाल आणि चूक होऊ नये म्हणून मनावर राहणारा ताण. बोरू गेला, कीबोर्ड आला, कारणे तीच राहिली. १९५३ मध्ये ब्रिटिश संशोधक जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसकर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त आढळला. त्याच दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या वाहकांमध्ये तो कमी होता.

संध्याकाळी व्यायाम केला की भरपाई होते, असे कोणी म्हणेल. काही अंशी ते खरे आहे. दहा लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचा २०१६ मध्ये अभ्यास झाला. दिवसभर बसण्यामुळे अकाली मृत्यूचा वाढणारा धोका रोज ६० ते ७५ मिनिटे मध्यम व्यायाम करणाऱ्यांमध्ये दिसला नाही. पण बारा तास काम करून घरी गेलेल्या माणसाने तो सव्वा तास आणायचा कुठून? आणि तेवढ्याने मनगटातली नस मोकळी होत नाही. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून जास्त काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांपेक्षा अंदाजे ३५ टक्के जास्त असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०२१ मध्ये सांगितले आहे. म्हणजे तासच कमी व्हायला हवेत. ते होईपर्यंत निदान मधले उठणे तरी हक्काचे असावे.

इथेच घोडे अडते. एका ठिकाणी काम करताना मी तासाने उठून दोन मिनिटे फिरायचे. 'बाई जागेवर दिसत नाहीत' असा शेरा वरिष्ठांनी दिला आणि मी उठणे बंद केले. पुढे हाताचे काय झाले ते वर लिहिलेच आहे. आजही माझ्या शेजारी बसणारी पंचविशीतली मुलगी पाणी कमी पिते, म्हणजे उठावे लागत नाही. हे पाहून जीव तुटतो.

युरोपीय समुदायाने १९९० सालीच पडद्यावरच्या कामासाठी नियम केला. कामात ठरावीक वेळाने विराम किंवा वेगळ्या प्रकारचे काम येईल अशी आखणी करण्याची जबाबदारी त्यात मालकावर टाकली आहे. हे मला फार महत्त्वाचे वाटते, कारण कर्मचाऱ्याने परवानगी मागत उठायचे म्हटले की तो उठत नाही. तासाला पाच मिनिटांचा विराम पाळीच्या वेळापत्रकात छापला, तर वरिष्ठांनाही उठावे लागेल.

आपल्या कार्यालयातही ही पाने कोणीतरी संगणकावर लावत असेल. त्यांच्या वेळापत्रकात असा विराम आहे का, एवढे कृपया पाहावे.

आपली नम्र,
एक डीटीपी ऑपरेटर