धुक्यात चारही दिवे लावून धावणारी वाहने

महोदय,

कोल्हापूरहून गगनबावड्यामार्गे करूळ घाट उतरताना, पावसाळी धुक्यात अनेक चालक लाल त्रिकोणाचे बटण दाबून गाडी चालवतच राहतात. हे बटण दाबताच चारही इंडिकेटर एकाच वेळी, मिनिटाला ६० ते १२० वेळा उघडझाप करू लागतात आणि त्यामुळे बहुतेक गाड्यांत डावी-उजवीकडे वळण्याची खूण देताच येत नाही. मग पुढची गाडी थांबली आहे की वळते आहे, हे मागच्याने ओळखावे कसे? चावी काढल्यावरही हे दिवे चालावेत अशी त्यांच्या वीजपुरवठ्याची जोडणी असते, कारण मुळात ही सोय रस्त्यात बंद पडून उभ्या राहिलेल्या गाडीसाठी आहे. वाहन परवान्याच्या चाचणीत हे आवर्जून विचारले जावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाहनचालक, कोल्हापूर